उतार चिखलदऱ्याचा, डिस्क कार्बनची

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना मोथा गाव मागं पडलं की रस्ता वळणं घेत खाली यायला लागतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी याच उतारावर माझ्या पायाखालचा ब्रेक गेला. गाडी साधीच होती. मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं, पुढं धुक्यात एका टेम्पोचे लाल दिवे. पेट्रोल वाचावं म्हणून मी बराच वेळ गाडी न्यूट्रलवर सोडली होती आणि ब्रेकवरचा पाय उचललाच नव्हता. एका वळणाआधी पेडल दाबलं तर ते मऊ लागलं, दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा थेट तळाला टेकलं. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराकडच्या नालीत घातली, तेव्हा कुठं ती थांबली. चाकांतून जळका, कडवट वास येत होता. पाऊण तासानं पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक झालं होतं.

परतवाड्याच्या मिस्त्रीनं चाक खोललं, डिस्कवरून बोट फिरवलं, पॅड बघितले आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. आतलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. ‘‘ब्रेकले काई नाई झालं भाऊ, तेल उकयलं तुमचं,’’ एवढंच तो म्हणाला. ब्रेकविषयी पुढं मी जे वाचलं, विचारलं, कागदावर मांडलं, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

आता हा विषय माझ्याकडे वेगळ्या वाटेनं येतो. एमएच २७ आणि एमएच ३० च्या पाट्या लावलेल्या स्पोर्ट्स कार अजून मोजक्याच आहेत. पोर्शे, फेरारीची शोरूमं अमरावतीत नाहीत आणि अकोल्यातही नाहीत. पण रस्ते बदलले आहेत. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती-अकोल्याच्या दरम्यान लोणी ते माना या पट्ट्यात, १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. अमरावती जिल्ह्यातून तो धामणगाव, नांदगाव खंडेश्वरच्या अंगानं जातो, आणि सपाटीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. रस्त्यामागोमाग वेगवान गाडीची हौस आली. परिचितांची मुलं, कुणी पुण्यात नोकरीला, कुणी सरकी-कापसाच्या धंद्यात, गाडी बुक करण्याआधी विचारतात: ब्रेक नेहमीचे स्टीलचे घ्यावेत की जास्तीचे पैसे भरून कार्बन-सिरॅमिक?

आधी ‘स्टील’ या शब्दाचा गैरसमज काढायला हवा. मोटारसायकलची डिस्क खरोखरच स्टेनलेस स्टीलची असते. चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकच्या पुढच्या चाकातली ती भोकाभोकांची चकती आठवा. मोटारीची डिस्क मात्र बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांचे जे भाग ओततात, त्याच घराण्यातला हा धातू. त्यात तीन-चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता भराभर वाहून नेतात आणि डिस्कची थरथर जिरवतात, म्हणून इतका जुना, स्वस्त आणि जड धातू अजून चाकात टिकून आहे. वाद खरं तर कार्बन असलेल्या लोखंडाचा आणि लोखंड नसलेल्या कार्बनचा आहे. पुढं मी स्टील न म्हणता लोखंडी डिस्कच म्हणणार आहे.

ब्रेक गाडीचा वेग घेतो आणि त्याची उष्णता करतो. त्याचं काम एवढंच, म्हणून सगळा हिशेब उष्णतेचाच मांडावा लागतो. दीड टनाची गाडी समृद्धीवर १२० च्या वेगानं चालली आहे आणि पुढं अचानक काही आडवं आलं. कचकन ब्रेक मारला तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती चारेक सेकंदांत थांबेल. तेवढ्या वेळात सुमारे ८३० किलोज्यूल ऊर्जा चार डिस्कांत जाते. दोन किलोवॉटचे शंभर गिझर एकदम लावून चार सेकंदांनी बंद करावेत, इतकी. ऐकायला भयंकर वाटतं. पण स्पोर्ट्स कारच्या चार लोखंडी डिस्कांचं मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास धरलं, तर सरासरीनं त्यांचं तापमान साधारण चाळीस अंशांनीच वाढतं. पुढच्या डिस्कांवर भार जास्त पडतो, तिथं थोडं अधिक म्हणू. लोखंडी डिस्क सहाशे अंशांपर्यंत मुकाट्यानं काम करते. समृद्धीवरचा अगदी जिवावर बेतलेला एक ब्रेकसुद्धा तिला फार नाही.

घाटाचा हिशेब वेगळा आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. तिथून परतवाड्यापर्यंत गाडी सुमारे सातशे मीटर खाली येते, आणि तीच दीड टनाची गाडी या उतारात दहा हजार किलोज्यूलहून जास्त ऊर्जा सोडते. म्हणजे १२० वरून बारा वेळा कचकन थांबण्याइतकी. त्यातला बराच भाग टायरांची घसट आणि वारा खातो, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर उरलेल्यातला मोठा हिस्सा इंजिन खातं. न्यूट्रलवर सोडली की इंजिनचा वाटाही ब्रेकच्या बोडक्यावर येतो. यातली अर्धी उष्णता ब्रेककडे आली असं धरलं, तरी एक गिझर चाळीस मिनिटं न थांबता चालू ठेवल्यासारखं होतं. त्यातून घाटात गाडी हळू चालते, म्हणजे चाकांना वारा कमी. उष्णता मुरत जाते, डिस्कवरून पॅडला, पॅडवरून तो दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनला, पिस्टनमागच्या तेलाला.

माझं तेल उकळलं ते असं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं कोरं डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये आणि डॉट ४ तेल २३० पर्यंत, असं मानक आहे. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. इथं डिस्क कसली आहे याला काहीच महत्त्व नाही. दोन-तीन पावसाळे तेल बदललं नसेल, तर लाखो रुपयांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कवाल्या गाडीचं पेडलसुद्धा मोथ्याच्या उतारावर असंच मऊ पडेल.

दुसरा गैरसमज अंतराचा. कार्बन-सिरॅमिकवाली गाडी कमी अंतरात थांबते असं बहुतेकांना वाटतं. पहिल्या ब्रेकला तरी ते खरं नाही. गाडी शेवटी टायर थांबवतो, टायर आणि रस्ता यांच्यातली पकड थांबवते. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस थरथरू लागलं, म्हणजे ब्रेकनं टायरच्या पकडीची हद्द गाठली. त्यापुढं ब्रेक कितीही भारी असला तरी उपयोग नाही. १२० च्या वेगाला चांगल्या कोरड्या रस्त्यावर साधारण सत्तर मीटर लागतात. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी तेहतीस मीटर पुढं गेलेली असते. पहिल्या सरीनं ओल्या झालेल्या रस्त्यावर, घासलेल्या टायरवर, सत्तरचे शंभर-सव्वाशे सहज होतात. तळेगाव दशासरच्या शंकरपटात धुरकऱ्याला बैलजोडी पळवण्याइतकंच ती थांबवायचं भान ठेवावं लागतं, पुढं मोकळी जागा लागते. आपल्याकडे वेगाची हौस पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि थांबण्याच्या जागेचं शहाणपणही तितकंच जुनं आहे. चार-सहा पदरी रस्त्यावर ते विसरायला होतं.

मग कार्बन-सिरॅमिक कशासाठी? ते समजायला ही डिस्क कुठून आली ते बघावं लागतं. वजन वाचवायला कार्बनचे ब्रेक आधी विमानांत आले. काँकॉर्डला ते होते. १९७६ च्या सुमारास ब्रॅबम संघानं फॉर्म्युला वनच्या गाडीत त्यांचा प्रयोग केला आणि पुढं शर्यतींत तेच रूढ झाले. पण शर्यतीतला ब्रेक म्हणजे कार्बनमध्ये कार्बनचे धागे. तो तापल्याशिवाय पकडत नाही, आणि अशी डिस्क घेऊन अमरावतीच्या राजकमल चौकातल्या सिग्नलला थांबणं धोक्याचंच. रस्त्यावरच्या गाडीसाठी वेगळी वस्तू करावी लागली. कार्बनचे आखूड धागे राळेत मळून साच्यात दाबायचे, हवा लागू न देता हजार अंशांच्या आसपास भाजायचे. राळ जळून कार्बन उरतो आणि वडीत बारीक छिद्रं पडतात. मग १,४१४ अंशांना वितळणारं सिलिकॉन त्या छिद्रांत शोषवायचं. ते कार्बनशी संयोग पावतं आणि सिलिकॉन कार्बाइड तयार होतं, धार लावायच्या चाकात वापरतात तसलं कठीण. एका डिस्कला अशा भट्ट्यांतून जायला दिवसचे दिवस लागतात. ओतीव लोखंडाची डिस्क सकाळी साच्यात आणि संध्याकाळी लेथवर जाऊ शकते. किमतीतला फरक मुख्यतः भट्टीतल्या या वेळेचा आहे.

२००० साली मर्सिडीजनं सीएल ५५ एएमजीच्या मोजक्या गाड्यांत असे ब्रेक दिले, २००१ मध्ये पोर्शेच्या ९११ जीटी२ मध्ये ते आले, २००२ मध्ये फेरारी एन्झोत. पोर्शेच्या गाड्यांत पिवळा कॅलिपर दिसला की आत कार्बन-सिरॅमिक आहे हे जाणकार लांबून ओळखतात. इटलीच्या ब्रेम्बोचा या डिस्कांच्या धंद्यात मोठा वाटा आहे. याच ब्रेम्बोचा पुण्याजवळ कारखाना आहे, आणि ‘बायब्रे’ या नावानं तिचे ब्रेक पल्सर-ड्यूकसारख्या गाड्यांना लागतात. म्हणजे ज्या घरची कार्बन डिस्क फेरारीत फिरते, त्याच घरचा धाकटा ब्रेक बडनेऱ्याच्या कॉलेजसमोर उभ्या असलेल्या ड्यूकमध्ये सापडेल.

या डिस्कचा पहिला फायदा वजनाचा. सारख्या मापाच्या लोखंडी डिस्कपेक्षा ती जवळजवळ निम्म्यानं हलकी असते, आणि हे वजन चाकातलं, स्प्रिंगच्या खालचं. तिथला एक किलो कमी झाला की चाक खड्ड्यावरून लवकर सावरतं आणि स्टिअरिंग हलकं, बोलकं वाटतं. हा फरक खरा आहे. ज्याला गाडी हातात जाणवते त्याला तो पहिल्या वळणातच कळतो. दुसरा फायदा सहनशक्तीचा. ट्रॅकवर २५० वरून ८० वर यायचं, वळायचं, पुन्हा २५० ला न्यायचं, पुन्हा दाबायचं. अशा एका दाबात लोखंडी डिस्क दीडशेहून जास्त अंशांनी तापते आणि थंड व्हायला अर्धा मिनिटही मिळत नाही. दहा-बारा वळणांत लोखंड आपल्या हद्दीला पोचतं, साधे पॅड तर त्याआधीच. कार्बन-सिरॅमिक त्यापुढंही तग धरते, वाकडी होत नाही, पेडल थरथरत नाही.

हलकी असल्यामुळेच ती तेवढ्याच ब्रेकमध्ये जास्त तापते, हे माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं. उष्णता साठवायला वस्तुमान लागतं आणि इथं ते निम्मं आहे. कार्बनची दर किलोमागं उष्णता धरायची ताकद जास्त, पण एवढी तूट तिनं पूर्ण भरून निघत नाही. म्हणून कार्बनच्या डिस्का सहसा मोठ्या करतात. सध्याच्या ९११ जीटी३ मध्ये मागची लोखंडी डिस्क ३८० मिलिमीटरची आहे आणि कार्बन-सिरॅमिक घेतली तर ३९० ची. आणि कार्बन शेवटी कोळशाचाच भाऊ. पाचशे अंशांच्या वर वारंवार नेला की हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू खातो. म्हणून जे लोक दर महिन्याला ट्रॅकवर जातात, त्यांच्यातले पुष्कळजण जाणीवपूर्वक लोखंडी डिस्का निवडतात. त्या झिजतात, तडकतात, पण टाकून नव्या बसवता येतात. जीटी३ वर्गाच्या चोवीस तासांच्या शर्यती धावणाऱ्या खऱ्याखुऱ्या रेस कारमध्येही लोखंडीच डिस्का असतात, नियमच तसा आहे. ‘रेसिंगचा ब्रेक’ म्हणून कार्बन-सिरॅमिक विकत घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

तिसरा फायदा रोजच्या वापरातला, आणि मला तो प्रामाणिकपणे मोलाचा वाटतो. लोखंडी डिस्क झिजते, तिची काळी पूड अलॉय व्हीलवर बसते. एका रात्रीच्या पावसानंतर सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो. तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, पण महिनाभर उभ्या गाडीची डिस्क खवल्याखवल्याची होते. कार्बन-सिरॅमिक गंजत नाही, तिची पूड नावापुरती. वर्षातून दोनदा मुंबईहून गावी येणाऱ्याची, एरवी आच्छादनाखाली उभी असणारी गाडी असेल, तर हा मुद्दा जमेत धरावाच. रस्त्यावर साध्या वापरात ही डिस्क फार वर्षं टिकते, हेही खरं.

अकोल्यातल्या एका तरुणानं मला विचारलं होतं, ‘‘आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस असतं, मग सिरॅमिकच घ्यायला पाहिजे ना?’’ प्रश्न चांगला आहे. तीनशे अंशांची डिस्क पंचवीस अंशांच्या हवेत जेवढी निवते, त्यापेक्षा पंचेचाळीस अंशांच्या हवेत सुमारे सात टक्के सावकाश निवते. एवढाच फरक. अकोल्याचा उन्हाळा माणसाला, टायरला आणि बॅटरीला जाळतो. डिस्कच्या तापमानापुढं तो किरकोळ आहे. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचा किंवा जुना टायर तासन्‌तास १२० नं पळवणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. टायर फुटला तर डिस्कची जात कुणी विचारत नाही.

आपल्याकडची खरी अडचण गिट्टीची आणि हातांची आहे. अमरावती-परतवाडा रस्त्यावर कुठं ना कुठं काम चाललेलं असतं, बारीक खडी पसरलेली असते. खडा डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकला तर लोखंडावर ओरखडा पडतो, लेथवर टर्निंग मारून तो बऱ्याचदा काढताही येतो. कार्बन-सिरॅमिक कठीण आहे तशीच ठिसूळही आहे. तिची कड एकदा टवकली की टर्निंग नाही, वेल्डिंग नाही, काही नाही. डिस्क बदलायची. म्हणूनच अशा गाड्यांचं चाक काढताना बोल्टच्या जागी लांब मार्गदर्शक पिना लावून चाक सरळ बाहेर घ्यायचं असतं, ते डिस्कला थडकू द्यायचं नसतं. आता मूर्तिजापूरच्या पुढं रात्री अकराला पंक्चर झालेलं चाक आणि मदतीला आलेला पंक्चरवाला पोरगा डोळ्यांपुढं आणा. तो जॅक लावेल, चार बोल्ट सपासप काढेल, पाचव्याला चाक तिरकं होईल आणि आतल्या कडेवर आदळेल. त्यानं रोज शंभर चाकं अशीच काढली आहेत आणि लोखंडी डिस्कचं कधी काही बिघडलेलं नाही. चूक त्याची नाही. त्याच्या हाताच्या सवयीसाठी ती वस्तू बनलेली नाही, एवढंच.

झीज ओळखायची रीतही वेगळी आहे. लोखंडी डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर किमान जाडीचा आकडा उठवलेला असतो. परतवाड्याचा मिस्त्री व्हर्नियर लावून दोन मिनिटांत सांगतो, ‘‘अजून एक पॅडचा सेट निंगते, मंग डिस्क बदला.’’ कार्बन-सिरॅमिकची जाडी फारशी कमीच होत नाही, आतला कार्बन जळून तिचं वजन कमी होतं. म्हणून तिच्यावर किमान वजन कोरतात. डिस्क उतरवून, स्वच्छ करून, ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवावी लागते, किंवा कंपनीचं खास यंत्र लावावं लागतं. ती सोय वऱ्हाडात नाही. मुंबई-दिल्लीहून चार-सहा वर्षं वापरलेली स्पोर्ट्स कार आणणाऱ्यानं म्हणूनच सौदा पक्का करण्याआधी डिस्कांचं वजन करून कागदावर घ्यावं, कडा टॉर्च लावून बघाव्यात. पिवळ्या कॅलिपरला भुलून घेतलेल्या गाडीच्या दोन डिस्का बदलायच्या निघाल्या, तर सौद्यात वाचलेले पैसे त्यातच जातील.

पैशांचं म्हणाल तर अमेरिकेत पोर्शेच्या ग्राहकाला या पर्यायासाठी साधारण नऊ-दहा हजार डॉलर जास्तीचे मोजावे लागतात. आपल्याकडे आयातीचे कर लागतात, पण ते बाजूला ठेवले तरी रक्कम एका नव्या छोट्या गाडीएवढी होते. अकोल्यातल्या त्या तरुणाला मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. गाडी अमरावती, अकोला, समृद्धी आणि वर्षातून चार वेळा चिखलदरा एवढीच फिरणार असेल, तर लोखंडी डिस्क घ्यावी. वाचलेल्या पैशांतला अगदी थोडा भाग चांगल्या टायरांवर, दर दोन वर्षांनी बदललेल्या ब्रेक ऑइलवर आणि दर्जेदार पॅडवर खर्च करावा. उरलेल्यात एखाद्या बंदिस्त ट्रॅकवर जाऊन ब्रेक मारायचं रीतसर शिक्षण घ्यावं. एबीएस थरथरत असताना पाय न उचलता स्टिअरिंग वळवणं ही गोष्ट वाचून येत नाही. चाकातलं वजन कमी झालेलं ज्याला खरोखर जाणवतं, ज्याची गाडी जपून हाताळली जाते आणि ज्याला हा खर्च जड नाही, त्यानं कार्बन-सिरॅमिक घेतली तर तिच्यात काही खोट नाही. मात्र ती ‘सेफ्टी’साठी घेतली असं त्यानं घरच्यांना सांगू नये. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या टायकनखाली दोन तरुण जीव गेले आणि या कंपनीचं नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. टायकनचे ब्रेक जगातल्या उत्तम ब्रेकांपैकी आहेत. त्या रात्री त्यांनी कुणालाही वाचवलं नाही.

लोखंडी आणि कार्बन-सिरॅमिक या दोन डिस्कांच्या मध्ये आता तिसरी वस्तूही आली आहे. २०१७ मध्ये पोर्शेनं कायनसाठी लोखंडी डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर चढवलेले ब्रेक आणले, त्यांचे कॅलिपर पांढरे. कंपनीचा दावा असा की पूड नव्वद टक्क्यांनी कमी होते आणि आयुष्य तीस टक्क्यांनी वाढतं. किंमत कार्बन-सिरॅमिकपेक्षा बरीच कमी. युरोपच्या युरो ७ नियमांनी पहिल्यांदाच ब्रेकच्या पुडीवर मर्यादा घातली आहे. किलोमीटरमागं ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेच्या गाडीला ३ मिलिग्रॅम. नव्या मॉडेलांना ती नोव्हेंबर २०२६ पासून लागू होते. त्यामुळं अशा थर दिलेल्या लोखंडी डिस्का साध्या गाड्यांतही उतरतील असं मला वाटतं. विजेच्या गाड्यांनी तर प्रश्नाचं रूपच बदललं आहे. टायकनचा रोजचा ब्रेक बहुतांशी मोटरच मारते आणि उष्णता वाया न घालवता बॅटरीत भरते, डिस्कला काम क्वचितच. फोक्सवॅगननं आयडी ४ च्या मागच्या चाकांना चक्क ड्रम दिले, कारण न वापरलेली डिस्क गंजते आणि झाकलेला ड्रम गंजत नाही. विजेची गाडी चिखलदऱ्याहून उतरते तेव्हा तोच सातशे मीटरचा उतार तिला थोडं चार्जिंग देऊन जातो. मात्र वरच बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते आणि भार पुन्हा डिस्कवर येतो. वर हॉटेलात रात्रभर गाडी चार्जिंगला लावणाऱ्यांनी ती ऐंशी-नव्वद टक्क्यांवरच काढलेली बरी.

यंदा जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आधी मी पुन्हा परतवाड्याला थांबलो. जुने मिस्त्री आता दुकानात खुर्चीवर बसून असतात, काम मुलगा बघतो. त्याच्याकडे पेनाएवढं एक यंत्र आहे, टोकाला दोन धातूचे काटे आणि अंगावर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. ब्रेक ऑइलच्या डबीत ते काटे बुडवले की तेलात पाणी किती मुरलं ते दिव्यावरून कळतं. माझ्या गाडीत त्यानं ते बुडवलं. हिरवा दिवा लागला, क्षणभर थांबून पिवळा लागला. ‘‘वर जाता येते,’’ मुलगा म्हणाला. खुर्चीवरून वडील म्हणाले, ‘‘जाता येते, पण उतरा लागते ना बाप्पा.’’ तासभर लागला. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून, नवं डॉट ४ भरून, मग आम्ही धामणगाव गढीच्या रस्त्याला लागलो.